वाया जाणारा आवाज

मित्राने नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन महिना झाला असेल. एका रिकाम्या, सरळ रस्त्यावर त्याने ती थांबवली, ‘‘डोकं मागे टेकव’’ म्हणाला आणि पाय पूर्ण दाबला. पोट पाठीला जाऊन चिकटलं. मांडीवरची पाण्याची बाटली मागच्या सीटवर कधी गेली ते कळलंच नाही. आवाज म्हणाल तर थोडा टायरचा, थोडा वाऱ्याचा आणि एक माझ्या तोंडून निघालेल्या शिवीचा. मग मी खदखदून हसलो. दुसऱ्या वेळीही हसलो. तिसऱ्यांदा ‘‘भारी आहे रे’’ म्हटलं. पाचव्यांदा गाडी सुटून परत हळू झाली तेव्हा माझा हात खिशातल्या फोनकडे गेला होता.

ते त्याच्या लक्षात आलं. ‘‘तुम्हा पेट्रोलवाल्यांचं काही खरं नाही,’’ एवढंच म्हणाला.

मी पेट्रोलवाला आहे हे कबूल. माझी गाडी जुनी, बुटकी, दोन सीटची. गिअर हाताने टाकायचे. शून्यापासून शंभरापर्यंत जायला तिला नऊ-एक सेकंद लागतात, तेही मनात असेल तर. मित्राची गाडी पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा घेऊन तिला कधीही, कुठेही मागे टाकेल. त्यामुळे वेगाचा मुद्दा माझ्यापुरता मिटलेला आहे. मिटत नाही तो प्रश्न निराळाच. त्याच्या गाडीत पाचव्या वेळी मला कंटाळा आला आणि माझ्या गाडीत दहा वर्षांनंतरही येत नाही, असं का?

याचं तयार उत्तर आमच्या गोटात कायम असतं. पेट्रोलच्या गाडीला आत्मा असतो! हे उत्तर मला कधीच पटलेलं नाही. ज्याला बोट लावून दाखवता येत नाही त्याला आत्मा म्हणायचं आणि चर्चा संपवायची, ही पळवाट झाली. गाडी हे यंत्र आहे. तिच्यात जे काही आहे ते नट-बोल्टांतच कुठेतरी असलं पाहिजे.

शिवाय वेगाच्या बाबतीत वीज नवखी आहे हा समजही खोटा. मोटारीच्या वेगाचा पहिला नोंदलेला विक्रम १८ डिसेंबर १८९८ चा. पॅरिसजवळ आशेर इथे गास्तों द शासलू-लोबा या फ्रेंच सरदाराने ताशी ६३ किलोमीटर गाठले, ते विजेच्या गाडीत. कामिय जेनात्झी हा बेल्जियन इंजिनिअर लगेच त्याच्या मागे लागला, त्याचीही गाडी विजेचीच. पुढचे काही महिने हे दोघे एकमेकांचे विक्रम मोडत राहिले. शेवटी २९ एप्रिल १८९९ ला जेनात्झीने तोफेच्या गोळ्यासारख्या दिसणाऱ्या गाडीत ताशी १०५.८८ किलोमीटर गाठले. रस्त्यावरच्या वाहनाने शंभरी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. त्या गाडीचे फोटो बघण्यासारखे आहेत. सगळं अंग हवा कापायला घडवलेलं आणि त्यातून जेनात्झी मात्र कमरेपासून वर बाहेर, उंटावर बसल्यासारखा. गाडीचं नाव ‘ला जामे काँताँत’, म्हणजे जिचं कधीच समाधान होत नाही ती.

पुढे पेट्रोल जिंकलं. एकदा भरलं की लांबपर्यंत जाता येई आणि डबा बरोबर घेता येई, हे मोठं कारण. पण पेट्रोलच्या गाडीची एक भीती होती. ती समोरून हॅण्डल फिरवून चालू करावी लागे आणि हॅण्डल उलटं फिरलं तर मनगट मोडे. विजेच्या गाडीचा तोच मोठा आधार होता, बसा आणि निघा. मग १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर गाड्यांना बसवला. बॅटरीवर चालणाऱ्या एका छोट्या मोटरने पेट्रोलचं इंजिन सुरू करून दिलं आणि बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचा शेवटचा आधार काढून घेतला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तो हा असा.

आता नट-बोल्टांकडे येतो.

पेट्रोलचं इंजिन म्हणजे अडचणींचा ढीग आहे. ते स्वतःहून सुरू होत नाही. थांबलेलं असताना त्याच्यात काडीची ताकद नसते. फार हळू फिरवलं तर बंद पडतं, फार जोरात फिरवलं तर मोडतं. मधल्या एका पट्ट्यातच ते नीट ओढतं आणि तो पट्टा चाकांच्या गरजेशी जवळपास कधीच जुळत नाही. म्हणून क्लच आला, गिअर आले. म्हणजे ड्रायव्हिंग म्हणून आपण जे शिकलो ते या यंत्राचे दोष सांभाळून घेण्याचं कसब. बाबा मला गाडी शिकवायचे तेव्हा डॅशबोर्डाकडे बघू द्यायचे नाहीत. ‘‘काट्याकडे बघू नकोस. ती काय म्हणतेय ते ऐक,’’ म्हणायचे. ती घरघरायला लागली की खालचा गिअर, किंचाळायला लागली की वरचा. चढावर हाफ क्लचमध्ये गाडी धरून ठेवताना तळपायाला एक बारीक थरथर जाणवते, तिच्यावरून कळतं की आता ब्रेक सोडायला हरकत नाही. मला ती थरथर सापडायला तीन आठवडे लागले. तोवर गाडी किती वेळा बंद पाडली याचा हिशेब बाबांनी ठेवला होता आणि पुढे बरीच वर्षं तो पाहुण्यांना सांगितला.

इलेक्ट्रिक मोटरला यातलं काही लागत नाही. उभ्या जागेवरून, पहिल्या क्षणाला तिचा पूर्ण टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, हजर असतो. एका ठरावीक वेगापर्यंत तो तसाच राहतो आणि त्यानंतर उतरत जातो. म्हणून इलेक्ट्रिक गाडीचा सगळ्यात जोरदार क्षण हा पहिला क्षण असतो. पोट पाठीला चिकटतं ते तिथेच. पुढे वेग वाढतो, जोर ओसरतो.

चांगल्या पेट्रोल इंजिनाची चाल याच्या उलट असते, विशेषतः टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, नसलेल्या. खाली ते आळसावलेलं असतं. तीन हजार आरपीएमला, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना, जरा जागं होतं, पाच हजारांना आवाजाची पट्टी बदलते आणि शेवटच्या हजार-दीड हजारांत, जिच्यापुढे इंजिन फिरवायचं नसतं त्या लाल रेषेकडे काटा जात असताना, ते सगळ्यात गोड चालतं. आणि नेमकं तिथेच गिअर बदलावा लागतो. हवंहवंसं वाटायला लागलं की सोडायचं आणि पुन्हा खालून चढायचं. एका गाडीत गोष्ट शेवटाकडे चढत जाते. दुसरीत शेवट पहिल्याच वाक्यात सांगून टाकलेला असतो, मग वाक्य कितीही जोरदार असो.

ही चढण किती मनापासून घडवता येते याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे लेक्सस एलएफए ही जपानी स्पोर्ट्स कार. २०१० ते २०१२ या काळात फक्त ५०० गाड्या बनल्या. ४.८ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत जायचं. यामाहाने इंजिन घडवायलाही मदत केली आणि त्याचा आवाज जुळवायलाही. रिकामं फिरताना हे इंजिन ०.६ सेकंदात थेट लाल रेषेला पोचे, त्यामुळे साध्या काट्याला ते झेपेना आणि आरपीएमचं मीटर पडद्यावर दाखवावं लागलं, असं कंपनीनेच सांगितलं होतं. इंजिनाच्या मागे धावताना काटा दमला ही गोष्ट खरीच तशी घडली की त्यात थोडी जाहिरातही आहे, याची मी फारशी चिकित्सा करत नाही. काही गोष्टींवर विश्वास ठेवायला बरं वाटतं.

तर माझ्या कंटाळ्याचं उत्तर मला वाटतं इथे आहे. मित्राने पहिल्यांदा पाय दाबला आणि पाचव्यांदा दाबला, यात फरक काहीच नव्हता. फरक असायला जागाच नव्हती. ते चुकूच शकत नव्हतं. माझ्या गाडीत वळणाच्या आधी ब्रेक दाबता दाबता त्याच पायाच्या टाचेने रेस देऊन खालचा गिअर टाकायचा असतो, गाडीला हिसका न बसू देता. हे मला दहापैकी तीनदा जमतं. उरलेल्या सात वेळा गाडी तक्रार करते आणि शेजारी कुणी असेल तर तोही करतो. पण त्या तीन वेळांसाठी मी पुढच्या वळणाची वाट बघतो.

इतकं सगळं पेट्रोलच्या बाजूने बोलल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण ती आमच्या गोटात कुणी सांगत नाही. हे कसब विजेने हिरावून घेतलेलं नाही. ते आधीच गेलं होतं. फेरारीच्या नव्या गाड्यांत क्लचचा पेडल मिळेनासा होऊन दहा वर्षं उलटून गेली. दोन क्लचचे स्वयंचलित गिअरबॉक्स आले, ते माणसापेक्षा लवकर आणि बिनचूक गिअर बदलतात, आणि वेगाने जाणाऱ्या बहुतेक गाड्यांनी ते आनंदाने घेतले. टर्बो आले तसा इंजिनांचा आवाज दबला. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये इंजिनाचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून आत ऐकवायची सोय होती. खऱ्या इंजिनाच्या गाडीत खऱ्या इंजिनाचं रेकॉर्डिंग! तेव्हा आम्ही चार दिवस कुरकुरलो आणि विसरलो. घरफोडी होऊन गेल्यावर जो पाहुणा आला त्यालाच आपण चोर म्हणून धरून बसलो आहोत.

आवाजाचंही जरा खोलात गेलं की पंचाईत होते. पेट्रोलमध्ये जेवढी ऊर्जा असते त्यातली ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश चाकांपर्यंत पोचते, तीही गाडी चांगली असेल तर. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून बाहेर जाते. फॉर्म्युला वनच्या इंजिनांनी प्रयोगशाळेतल्या चाचणीत पन्नास टक्क्यांचा टप्पा गाठला तेव्हा ती बातमी झाली होती. इलेक्ट्रिक मोटर नव्वदच्या वर असते, त्याची बातमी होत नाही. आणि ज्या आवाजावर आम्ही जीव टाकतो तो म्हणजे काय? जळलेला वायू पिस्टन ढकलून झाल्यावरही पूर्ण दमलेला नसतो. व्हॉल्व्ह उघडला की तो उरलेला दाब धाडकन बाहेर पडतो. म्हणजे ज्याच्याकडून काम करून घ्यायचं राहून गेलं त्याचा तो आवाज. वाया गेलेल्या गोष्टीचं इतकं कौतुक करणारी दुसरी जमात मला माहीत नाही.

आणि हवा. इंजिन हवेवर जगतं, हे आपण सपाट रस्त्यावर विसरतो. अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगरावर दरवर्षी चढाईची शर्यत होते. सुमारे वीस किलोमीटर, १५६ वळणं आणि शेवट ४,३०० मीटर उंचीवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्केच उरतो. इंजिनाला धाप लागते, मोटरला लागत नाही. २०१३ मध्ये सेबास्तियन लोब या फ्रेंच रॅली ड्रायव्हरने ८७५ अश्वशक्तीच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या पेजो २०८ टी१६ मध्ये ८ मिनिटं १३.८७८ सेकंदांचा विक्रम केला तेव्हा तो मोडणं कठीण दिसत होतं. २०१८ मध्ये रोमाँ द्युमाने फोक्सवॅगनच्या इलेक्ट्रिक आयडी.आर मध्ये ७ मिनिटं ५७.१४८ सेकंद घेतले. त्या गाडीची अश्वशक्ती होती ६८०. जवळजवळ दोनशे घोडे कमी आणि सोळा सेकंद आधी वर. तिचा व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. गाडी शिट्टी मारल्यासारखी येते आणि जाते, आणि वळणांवर द्युमाचे हात बघितले की मघाचं माझं ‘चुकायला जागाच नव्हती’ हे वाक्य मला जरा मागे घ्यावंसं वाटतं. सरळ रस्त्यावर नव्हती. त्या डोंगरावर होती, आणि बाजूला खोल दरी होती.

मग खरी तक्रार कशाची उरते? माझ्यापुरती, वजनाची. पन्नास लिटर पेट्रोल सुमारे ३७ किलो भरतं आणि त्यात साडेचारशे युनिट विजेइतकी ऊर्जा असते. चारातले तीन हिस्से वाया घालवूनही शंभरावर युनिटं चाकांना मिळतात. ऐंशी युनिटांच्या बॅटरीचं वजन मात्र चार-पाचशे किलोंच्या घरात जातं. पेट्रोलची टाकी वाटेत हलकी होत जाते, बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. हे वजन जमिनीलगत पसरलेलं असल्याने गाडी कलंडत नाही, चारी चाकांना वेगवेगळ्या मोटरा देऊन तिला वळणात पिळताही येतं, हे सगळं खरं. पण जड माणूस चपळ असला तरी तो जड आहे हे जिन्याला कळतंच. १९८९ ची माझदा एमएक्स-५ टनभराच्या आत होती आणि तिला अश्वशक्ती होती ११६. तिने जगभर लाखो लोकांना शिकवलं की मजेसाठी फार ताकद लागत नाही. आजच्या वेगवान इलेक्ट्रिक गाड्या दोन टनांच्या पुढे असतात आणि ते लपवायला सहाशे-सातशे अश्वशक्ती देतात. २००८ ची टेस्ला रोडस्टर तेवढी वेगळ्या वाटेने निघाली होती. ती लोटस एलिसच्या हलक्या सांगाड्यावरून बेतलेली होती, छोटी होती, दोघांपुरतीच होती. ती वाट पुढे कुणी नेली नाही याचं मला राहून राहून नवल वाटतं.

त्याऐवजी कंपन्यांनी आवाजाचा नाद धरला. डॉजने इलेक्ट्रिक चार्जर डेटोनाला पोकळ कप्पे आणि स्पीकर लावून १२६ डेसिबलचा खोटा सायलेन्सर दिला. हे म्हणजे जेवण झालेलं नसताना ढेकर देणं. ह्युंदाईने २०२३ मध्ये आयोनिक ५ एन आणली. तिच्यातली सोंगं वरवर तशीच. गिअर नाहीत, पण आठ गिअर असल्याचा भास आहे. बटण दाबलं की प्रत्येक ‘गिअर’ला हिसका बसतो. आणि वेळेत गिअर बदलला नाही तर गाडी लाल रेषेला अडकल्यासारखी अडते. अडायचं काही कारण नसताना अडते. आधी सगळे हसले. मग चालवून आलेले बरेच परीक्षक जरा ओशाळून सांगायला लागले की मजा येते.

मीही हसलो होतो. आता मला तिच्यात काही तरी कळलेलं दिसतं. डॉजने नुसता आवाज परत आणला, ह्युंदाईने अडथळा परत आणला. गाडीत काय हवं असतं हे त्या खोट्या लाल रेषेत जास्त प्रामाणिकपणे सांगितलं आहे. टोयोटाने तर खोटा क्लच असलेल्या इलेक्ट्रिक गाडीचं पेटंट मागितलं होतं. पाय चुकला तर मोटर बंद पडल्यासारखी करायची, अशी त्यात सोय. बाबांना हे ऐकवायला हवं होतं. लोक आता बंद पडण्यासाठी संशोधन करतात म्हणून.

या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त विचारात पाडतो तो माटे रिमॅक. क्रोएशियाचा हा माणूस तरुणपणी जुन्या बीएमडब्ल्यूत शर्यती करायचा. तिचं इंजिन फुटलं म्हणून त्याने तिला मोटर बसवली, आणि त्यातून पुढे रिमॅक नेवेरा आली. चार मोटरा, १,९१४ अश्वशक्ती, ताशी ४१२ किलोमीटर. इंजिनाविरुद्धचा खटला याहून चांगला कुणी लढवलेला नाही. दीडशेच गाड्या करायच्या होत्या, त्याही झटकन खपल्या नाहीत. २०२४ मध्ये त्यानेच उघडपणे सांगितलं की या पातळीच्या गिऱ्हाइकांना विजेची गाडी नको आहे. त्याच वर्षी त्याच्याच हाताखालच्या बुगाटीने टुर्बियाँ ही गाडी दाखवली. इलेक्ट्रिक मोटरा तिच्यातही आहेत, पण मध्ये ८.३ लिटरचं, टर्बो नसलेलं, सोळा सिलिंडरचं इंजिन आहे आणि समोरची मीटरं स्विस घड्याळजींनी बनवलेली आहेत.

घड्याळाचा दाखला या वादात नेहमी दिला जातो. क्वार्ट्झची घड्याळं आली, वेळ अचूक झाली, तरी चावीची घड्याळं उरलीच की. उरली. पण चावीच्या घड्याळाला रस्त्यावर पेट्रोलपंप लागत नाही, आणि त्याच्या धुराचा त्रास शेजाऱ्याला होत नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये २०३५ पासून नव्या गाड्यांच्या धुरावर पूर्ण बंदीचा नियम केला, जर्मनीने कृत्रिम इंधनासाठी फट ठेवून घेतली, पुढे अट सैल करायचे प्रस्तावही आले. या खेचाखेचीत मला फारसा रस नाही. रोज कामावर जाणारी, शाळेत पोरं सोडणारी गाडी विजेची व्हावी, लवकर व्हावी, हे मला मनापासून वाटतं. ट्रॅफिकमध्ये उभ्या इंजिनात कसलं काव्य नसतं. माझी काळजी एवढीच की इंजिन उरेल ते बुगाटीत उरेल. काचेच्या कपाटात, सोळा सिलिंडरचं. एमएक्स-५ च्या चार सिलिंडरांचं, साध्या पगारात येणारं, पोराने क्लच जाळून शिकावं असं इंजिन मात्र आधी जाईल.

परवा संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर मी गाडी काढली होती. चढ होता. टाच नीट पडली, दुसरा गिअर हिसका न बसता लागला, आणि काटा सहा हजारांच्या पुढे गेला. गाडी गात होती, मीही बहुधा काहीतरी ओरडत होतो. तेवढ्यात उजवीकडून एक मोठी पांढरी इलेक्ट्रिक गाडी आली आणि सहज पुढे निघून गेली. चालवणाऱ्या बाईंचा एक हात खिडकीच्या कडेवर होता. मागच्या सीटवर एक मूल काचेला गाल लावून झोपलेलं होतं.

मी तिसरा टाकला.